निपाणीची वजाबाकी

५९१२३७ हा आमच्या निपाणीचा पिन. अंकांची बेरीज २७, म्हणजे नऊनं भाग जाणार हे तोंडी सांगता येतं. भागून उरलेल्या ६५६९३ चे मात्र १७९ आणि ३६७ असे दोनच अवयव निघतात, आणि ते शोधताना अर्धी दुपार जाते. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलं की पिन ४१६२१६. दहा-पंधरा मैलांत आकडा पावणेदोन लाखांनी उतरतो, एवढा भाव आमच्या तंबाखूचाही कधी कोसळला नसेल.

ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची स्तुती, असं काव्य त्यांनी लिहिलं. महाराष्ट्राला त्यांनी ४ दिला, कर्नाटकाला ५.

आकडे उलटसुलट करण्याचा नाद देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनाही होता. चारअंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येतं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं.

तोच प्रयोग मी पिनवर केला. ९७५३२१ वजा १२३५७९, उत्तर ८५१७४२. पुढं ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२! आमचं गाव सात आकड्यांच्या घाण्याला जुंपलेलं. बेळगावचा ५९०००१ सहाव्या वजाबाकीला ४२०८७६ वर येऊन त्याच फेऱ्यात शिरतो. वाटलं, ५ च्या घरातल्यांचंच हे नशीब असेल. म्हणून कागलचा घेतला. चौथ्या वजाबाकीला ८६०८३२. म्हणजे तेही आमच्यातच!

वखारीतल्या जुन्या दिवाणजींना कागद दाखवला. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "मास्तर, ह्यास्नी बी तारखाच पडत्यात की ओ!"

मग गप्प बसवेना. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा. तीनअंकी संख्या ४९५ वर थांबतात, तेव्हा ८६५ लाही चक्कीत घातलं. २९७, ६९३, ५९४, ४९५. चार वजाबाक्यांत निकाल. सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ साली दाखल झाला, हे दिवाणजींना सांगायची गरज नव्हती.

बहुतेक सहाअंकी संख्या आमच्यासारख्याच फिरत राहतात. थोड्या मात्र ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर जाऊन कायमच्या स्वस्थ बसतात. तुमच्या गावाचा पिन त्यांतला निघाला तर कळवा, एकदा बघायला येतो.