पांढरं दिसतंय!

जुलैत आई-बाबा पुण्याहून आले की सनीव्हेलच्या मराठी घरात समुद्रकाठच्या पॉइंट रेयेस उद्यानाच्या सहलीची एक्सेल शीट उघडते. गाडी कोण चालवणार, धपाटे कोण करणार, सूर्यास्त किती वाजून किती मिनिटांनी, सगळं त्यात असतं. हवामानाचा रकाना तेवढा नसतो. कॅलिफोर्निया, त्यात उन्हाळा, म्हणजे ऊन असणारच! प्रत्यक्षात त्या टोकावर धुकं भर उन्हाळ्यातच मुक्कामाला येतं. म्हणून तर १८७० सालचं दीपगृह कड्याच्या माथ्यावर न बांधता धुक्याच्या खाली, निम्म्या उंचीवर बांधलं. तिथे जायला ३१३ पायऱ्या उतरायच्या. परत चढण्याबाबत बाबांच्या गुडघ्यांचं मत कोणी घेतलेलं नसतं. वारा फार सुटला तर जिनाच बंद. मग गाडीत बसून धपाटे.

“दिसतंय का काही?”

“पांढरं दिसतंय.”

मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे शीटही उघडत नाही. आणि उद्यानाला प्रवेश फुकट, म्हणजे पैसे परत मागायचीही सोय नाही.

समुद्र बघायचाच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. आणि सेल्फीसाठी लाटांकडे पाठ फिरवू नका. तिथली एखादी अवचित लाट माणूस ओढून नेते.