होडीतलं गिऱ्हाईक

थायलंडच्या सहलीच्या प्रत्येक जाहिरातीत तो फोटो असतो. अरुंद कालवा, चपट्या होड्या, ताडपानांची रुंद टोपी घातलेली बाई, पुढ्यात आंबे, केळी आणि पपनस. फोटो खोटा नाही. पण आज त्या कालव्यावर गेलात, तर विकणाऱ्यांच्या होड्यांपेक्षा बघणाऱ्यांच्याच होड्या जास्त दिसतील.

हा बाजार दाम्नोन सादुआकचा. बँकॉकच्या नैर्ऋत्येला, सुमारे 100 किलोमीटरवर, राचबुरी प्रांतात. इथला कालवा राजा मोंगकूट म्हणजे चौथा राम याने 1866 साली खोदायला घेतला, 1868 साली तो खुला झाला. माए क्लोंग आणि था चीन या दोन नद्या जोडणारा 32 किलोमीटरचा जलमार्ग. काठाला बागा वसल्या आणि बागांचा माल होडीतून हिंडू लागला. नारळ, फळं, भाजी, तांदूळ. पर्यटक हा माल या यादीत फार उशिरा आला.

आणि आल्यावर सगळ्यात महाग तोच ठरला.

आधी ही हौस बँकॉकमध्येच भागत होती. 1960च्या दशकात परदेशी पाहुण्यांना नदीपलीकडच्या थोनबुरीत, वाट साईच्या बाजारात नेत. पाहुणे वाढले, मोटारबोटी वाढल्या, शेजारून रस्ते आले. भाजीवाल्या बायकांच्या छोट्या होड्या त्या लाटांत टिकतील कशा? बाजार ओसरला. मग तो सावरायला कुणी थांबलं का? नाही. सत्तरच्या दशकात पर्यटकांचा मोर्चा दाम्नोन सादुआककडे वळला.

एक बाजार बघून बघून संपवला, आता दुसरा बघतोय.

रस्ता हा पाण्यावरच्या बाजाराचा खरा शत्रू. बँकॉकने 1860च्या दशकात चारोन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता बांधला आणि पुढच्या शंभर वर्षांत कितीतरी कालवे बुजवून त्यांचे रस्ते केले. दारात टेम्पो उभा राहत असेल तर वल्हं कोण मारणार? बागायतदाराने होडी सोडली, यात त्याचा काही दोष नाही. त्याला माल विकायचा होता, देखावा मांडायचा नव्हता.

देखावा आपल्याला हवा होता.

म्हणून आज काय होतं ते ऐका. बँकॉकहून निघालेली टॅक्सी थेट बाजाराशी जातच नाही. अलीकडच्या एखाद्या खासगी धक्क्यावर थांबते. बाजार इथून होडीनेच गाठावा लागतो, असं सांगितलं जातं. माणशी हजार-दोन हजार बाट मागितले जातात. थोडं पुढे चालत गेलं तर काठाकाठाने फुकट हिंडता येतं, हे सांगत कुणीच नाही. सांगेल कसा? आणणाऱ्याचं कमिशन त्याच धक्क्यावर ठरलेलं असतं.

मग मोटारीचं इंजिन बसवलेली लांब शेपटीची बोट. धूर, कानठळ्या, तोंडावर कालव्याचं पाणी. दोन्ही काठांना पक्की दुकानं. दुकानदार लांब आकड्याने तुमची होडी स्वतःकडे ओढून घेतो. लाकडी हत्ती, फ्रिजवर चिकटवायची चुंबकं, हत्तीछाप विजारी. हाच माल बँकॉकच्या फुटपाथवर मिळतो, आणि बहुतेक वेळा स्वस्तात. शंभर किलोमीटर येऊन पुन्हा फुटपाथच गाठायचा होता का?

एका गोष्टीवर मात्र रागावलंच पाहिजे. या कालव्याच्या काठावर गळ्यात अजगर अडकवून फोटो काढून देतात. मोठ्या डोळ्यांचा स्लो लोरिस हातात ठेवतात. हा प्राणी निशाचर आहे. भर दुपारच्या उन्हात, गर्दीत, हातोहाती फिरताना तो गोड दिसतो, कारण तो घाबरून गोठलेला असतो. त्याचा चावा विषारी, म्हणून अशा प्राण्यांचे दात अनेकदा तोडलेले असतात. थायलंडच्या कायद्याने तो संरक्षित आहे, 2007पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी तो तिथे का दिसतो? कारण फोटोचे पैसे देणारे आपण तिथे असतो.

पोरांना सांगा, हात लावायचा नाही. आणि स्वतःही लावू नका.

होडीत नूडल्स शिजवणारी बाई मात्र खोटी नाही. पहाटे उठून, तोल सांभाळत, हातभर जागेत चूल, पातेलं आणि वाट्या मांडून ती बसते. वाट्या लहान का? होडीतून काठावर देता-घेता रस्सा सांडू नये म्हणून. शेजारची बाई खड्ड्याखड्ड्यांच्या तव्यात नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे खानोम क्रोक भाजत असते. ते गरम खा. चिकट भात आणि आंबा खा. शाकाहारी असाल तर नूडल्सचा रस्सा कशाचा, ते आधी विचारा. त्यात मांसच काय, रक्तही घालतात. पण तिथपर्यंत जाऊन काही न खाता परतणं आणि दीडच्या ठोक्याला टूरवाल्याच्या हॉटेलात पनीर बटर मसाल्यापुढे बसणं, हा कुठला प्रवास?

आणि घासाघीस. धक्क्यावर हजार बाट मुकाट्याने मोजणारा आपला माणूस या बाईपुढे वीस बाटसाठी हुज्जत घालतो. लुबाडणाऱ्याशी नम्र आणि राबणाऱ्याशी कडक. हा हिशेब कधीतरी उलटा करून पाहा.

पट्टायाला जाणाऱ्या मराठी मंडळींना तर कालवाही दिसत नाही. तिथला चार प्रदेशांचा म्हणून मिरवणारा तरंगता बाजार 2008 साली उघडला. खास बांधलेलं तळं, त्यावर लाकडी पूल आणि दुकानं. परदेशी माणसाला आत जायला तिकीट. बागा नाहीत, नदी नाही, भरती-ओहोटी नाही. बाजारात शिरायला तिकीट लागत असेल, तर तो बाजार कसला?

मग आंपावा तरी बरा? बराच बरा. समुत सोंगक्रामचं हे जुनं कालव्यावरचं गाव, राजा दुसरा राम याचं जन्मस्थान. इथला बाजार बंद पडला होता. 2004 साली नगरपालिकेने तो पुन्हा सुरू केला, शुक्रवार ते रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत. जुनी लाकडी घरं टिकली, बँकॉकची थाई कुटुंबं सुट्टीला येऊ लागली, होडीतल्या निखाऱ्यावर कोळंबी आणि माकूल भाजली जाऊ लागली. इतकं छान जमलं होतं.

मग काजवे विकायला काढले.

इथे काठावरच्या लाम्फू झाडांवर काजवे बसतात. लाम्फू म्हणजे आपल्या खाड्यांतल्या चिप्पीच्याच कुळातलं झाड. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 साली राज्य कांदळवन वृक्ष केलं. काजवे दाखवायला रात्री मोटारबोटी फिरू लागल्या, घरांच्या खिडक्यांखालून, इंजिनं आणि दिव्यांसह. काठ ढासळू लागले, लोकांची झोप गेली. शेवटी वैतागलेल्या काही रहिवाशांनी आपल्या दारातली लाम्फूची झाडंच तोडली. झाड नाही तर काजवा नाही, काजवा नाही तर बोट नाही. चिडावं कुणावर? झाड तोडणाऱ्यावर, की त्याला रात्रभर जागवणाऱ्यावर? आपल्याकडे भंडारदऱ्याच्या काजव्यांखाली मे-जूनमध्ये गाड्यांचे दिवे लावणाऱ्यांनी उत्तर द्यायची घाई करू नये.

पण एक बाजार अजून आहे. आंपावा तालुक्यातच. था खा.

तो कधी भरतो? पंचांग काढा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत द्वितीया, सप्तमी आणि द्वादशी. आपल्या आठवडी बाजाराला वार असतो, था खाला तिथी आहे. का? हे सगळे कालवे माए क्लोंग नदीतून थायलंडच्या आखाताशी जोडलेले. पाणी चढतं-उतरतं चंद्राप्रमाणे. होडी मालाने भरून बागेतून काढायची तर कालव्यात पाणी हवं. म्हणून बाजार चंद्र पाहून ठरला. दर पाच दिवसांनी, सकाळी लवकर. आता शनिवार-रविवारही उघडतो, आपल्या सोयीसाठी. पण तिथीचा मान अजून आहे.

इथे बाई बागेतली मिरची, केळी, नारळ घेऊन येते. होडी वल्ह्याची. काठच्या बागांत माडाच्या पोयीचा रस काढून, कढईत आटवून गूळ करतात आणि तो ताजा विकतात. गोव्यात माडाचा गूळ खाल्लेल्याला त्याची चव वेगळी सांगायला नको. दुपारच्या आत सगळं आटोपतं. तोवर बँकॉकहून दहाच्या नाश्त्यानंतर निघालेली बस कुठे असते? वाटेत.

हीच तर मेख आहे. बाजाराच्या वेळेला आपण जायचं, आपल्या वेळेला बाजाराने यायचं नाही. दाम्नोन सादुआकसुद्धा सकाळी आठच्या आत वेगळा दिसतो. तेव्हा भाजीवाल्या, नूडल्सवाल्या एकमेकींशीच व्यवहार करत असतात. बसगाड्या साधारण नवानंतर लागतात आणि कालव्याची वाहतूक कोंडी होते. आदल्या रात्री तिथेच किंवा आंपावात मुक्काम केला की काम झालं. पण टूरच्या कार्यक्रमात तो मुक्काम नसतो, कारण त्या रात्री पट्टायाचा शो असतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली. 2024 मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले. त्यात मराठी माणूस किती, ते मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या विमानांत बसून बघा. इतकी मोठी गर्दी काहीही मागू शकते. मग मागत का नाही?

सहलीचे पैसे भरण्याआधी टूर कंपनीला चार प्रश्न विचारा. बाजार कोणता? तिथे किती वाजता पोचणार? होडी वल्ह्याची की इंजिनाची? धक्का सार्वजनिक की खासगी? सरळ उत्तरं मिळाली तर पैसे भरा. नाही मिळाली तर था खाची तिथी बघा, बँकॉकहून माए क्लोंग गावाला जाणारी व्हॅन पकडा आणि स्वतः जा. होडी वल्हवणाऱ्या बाईला ती सांगेल तो दर द्या.