नऊ बाय सोळाचा माणूस

त्याचं पाळण्यातलं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत तमाम दुकानदार त्याला ‘एडिटर’ म्हणतात. एका खांद्याला गिंबलची पिशवी, दुसऱ्याला रिंगलाइट, आणि बोलता बोलता दोन्ही हातांच्या बोटांनी केलेली उभी चौकट. त्या चौकटीत मावेल तेवढंच जग त्याला मान्य आहे. मोबाइल आडवा धरणारा माणूस त्याच्या लेखी वधू-वर मेळाव्याचं शूटिंग करण्याच्या लायकीचा.

मूळचा हा टिकटॉकचा हिरो. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉक बंद केलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखा बसून होता. 8 जुलैला, म्हणजे बरोबर दहाव्या दिवशी, इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि कावळा शिवला. तेव्हापासून या पट्ट्यातला एकही धंदा त्याने उभा केल्याशिवाय सोडलेला नाही. उभा, म्हणजे नऊ बाय सोळाच्या चौकटीत.

अपवाद एकच. निपाणीचं नाव ज्या तंबाखूने देशभर नेलं, तिची जाहिरात 2003 च्या कायद्याने करता येत नाही. वखारवाले सावकार विचारून गेले, तेव्हा एडिटर आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणाला. मग सावकारांनी मुलाला कपड्याचं दुकान काढून दिलं आणि त्याची रील करवून घेतली. आता नवं जाकीट घातलेला मुलगा वखारीच्या दारात उडी मारतो आणि उतरतो तो दुकानात.

कुंदावाल्या मालकांची जाहिरात हे त्याचं गाजलेलं काम. मालकांची मागणी साधी होती: वडिलांचा हार घातलेला फोटो, तीन मोबाइल नंबर, ‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि शेवटी सहकुटुंब नमस्कार. एडिटरचं म्हणणं, “मालक, पहिल्या 3 सेकंदांत गिऱ्हाइकाचा अंगठा थांबला पाहिजे.” त्यातून पंधरा सेकंदांचं जे निघालं ते असं: तळहात लेन्सवर येतो, काळोख होतो, तळहात बाजूला होतो तर खव्याची कढई. कढई गरगर फिरते आणि तिच्यातून मालक प्रकटतात. मालक टिचकी वाजवतात, चमचा उडतो, पडदा टराटरा फाटतो, धूर येतो आणि त्या धुरातून हारासकट वडील झपकन पुढे येतात.

मालकांच्या आईने पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, “हे जिते असताना एवढी घाई कधी केले नाहीत.”

मालकांची तक्रार वेगळी. “सगळं दिसलं की रे, कुंदा कुठाय? मी पैसे दिलो ते कुंद्याला, चक्कर यायला न्हवं.”

“अकराव्या सेकंदाला येतोय की, मालक. फील घ्या.”

हल्लीची फॅशन म्हणजे जाहिरात वाटू नये अशी जाहिरात. म्हणून शेजारच्या मावशींना ‘सहज आलेलं गिऱ्हाईक’ केलं जातं आणि त्या चार वेळा रिहर्सल करून सहज येतात. जाहिरात परिषदेने 2021 पासून अशा व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला सांगितलंय. एडिटर ते कोपऱ्यात, पांढऱ्यावर पांढरं लिहितो. मालक मात्र अडून बसले, “मोठ्या अक्षरात टाक. समोरच्या दुकानवाल्याला कळू दे, आम्ही खर्च केलो म्हणून.”

त्याचा खरा जीव ट्रान्झिशनवर. निपाणीजवळच्या तवंदी घाटात कॅमेरा सपकन उजवीकडे फिरवायचा, बेळगावच्या गणपत गल्लीत त्याच वेगाने, त्याच दिशेने फिरवत नवा शॉट सुरू करायचा आणि दोन्ही अंधूक टोकं जोडायची. एवढा सगळा रस्ता 8 फ्रेममध्ये, म्हणजे पाव सेकंदात, संपतो. दिशा चुकली तर बघणाऱ्याची मान अवघडते. ही जादू आपल्याच पिढीने शोधली असं तो समजतो. पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसचा कॅमेरा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यावर अडकला आणि परत सुरू झाला तेव्हा बसच्या जागी मयताची गाडी उभी दिसली, ही त्यानेच सांगून ठेवलेली कथा मी ऐकवली. फाळक्यांच्या पडद्यावर देव असेच प्रकटायचे, हेही सांगितलं. एडिटरने विचारलं, “फॉलोअर किती?”

चुलतबहिणीच्या लग्नात त्याने अंतरपाट तीनदा धरायला लावला. “भटजी, यापेक्षा भारी रिव्हील जगात नाही, पण टायमिंग चुकतंय तुमचं.” मुहूर्त टळायला आला तेव्हा मामांनी गिंबलसकट त्याला मांडवाबाहेर ठेवलं.

गंमत अशी की जे जोडायला त्याला धूर लागतो, ते इथली माणसं बिनधुराचं जोडतात. दुकानाच्या पाटीवर 2024 च्या कायद्याप्रमाणे साठ टक्के कन्नड, गल्ल्यावर मराठी, उधारीच्या वहीत दोन्ही. मालक हुबळीच्या गिऱ्हाइकाला “बर्री, बर्री” म्हणता म्हणता त्याच श्वासात निपाणीच्या पाहुण्याला “या की, बसा” म्हणतात आणि सांधा दिसत नाही. एडिटर मात्र दोन व्हिडिओ करतो, दोन बिलं लावतो.

एकदाच त्याचा हात वेगळा चालला. शहापूरच्या साडीवाल्यांसाठी वडगावच्या मागावर गेला होता. धोटा डावीकडून उजवीकडे सटकला आणि तिथेच त्याने कापलं. पुढच्या शॉटमध्ये दुकानातल्या गादीवर साडीचा पदर त्याच दिशेने उलगडत गेला. धूर नाही, टिचकी नाही, नुसता कट. साडी बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरली. त्याला विचारलं तर मान खाली घालून म्हणतो, “त्या दिवशी लॅपटॉप हँग होता हो, इफेक्ट टाकायचं राहिलं.”

मला ते पटलेलं नाही. धोट्याची आणि पदराची दिशा हँग झालेला लॅपटॉप जुळवत नाही. त्याला नजर लागते, आणि ती या पोराकडे आहे. तेव्हा दुकानदार मंडळी, पहिले 3 सेकंद त्याला खुशाल खेळू द्या. बाकीच्या बारा सेकंदांत तुमचा माल दाखवायला बजावून सांगा, आणि त्याचं बिल रोख भागवा. लॅपटॉपचा हप्ता अजून तरी कुंद्याच्या पाकिटावर फिटत नाही.