आधी डबा बदला

25 जुलै 2024 ची पहाट. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि मुठेचं पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. माझी बहीण त्याच भागात तळमजल्यावर राहते. जोतं उंच, म्हणून घरात पाणी फूटभरच चढलं. पण जमिनीवर ठेवलेल्या वस्तूची वाट लावायला फूटभर पाणी पुरतं. टेबलाखाली भाच्याचं गेमिंग कॅबिनेट उभं होतं.

चिखल उपसून झाल्यावर तो ते घेऊन एका दुकानात गेला. दुकानदाराने झाकणही उघडलं नाही. "पाणी लागलंय ना? मग सगळं गेलं. नवीन घे," म्हणाला आणि सत्तर हजारांचं कोटेशन हातात दिलं.

पुरातून वर येणाऱ्या घराला गादीपासून शेगडीपर्यंत सगळंच घ्यायचं असतं. त्या घराच्या हातात, आत न बघता लिहिलेलं कोटेशन ठेवणं हा सरळ अन्याय आहे. पोराने शिकवण्या घेऊन, तीन वर्षं पैसे साठवून, एकेक भाग जमवला होता. त्यावर तो व्हॅलोरंट खेळायचा हे खरं. त्यावरच तो ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकला हेही तितकंच खरं. "खेळायचाच तर होता" असं म्हणून ते नुकसान कुणी हलकं करू नये.

आम्ही कॅबिनेट परत आणलं आणि आडवं ठेवलं. बाजूच्या काचेवर चिखलाची रेघ उमटली होती. पाणी नेमकं कुठवर चढलं ते ती रेघ सांगत होती. काय घ्यायचं आणि काय वाचवायचं, याचा हिशोब त्या रेघेपासून सुरू होतो.

हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तळाशी बसतो. म्हणजे पाणी आधी त्याच्यात शिरतं. त्याच्या वर मदरबोर्डचा खालचा भाग. तिथे चिपसेट आणि घड्याळाचा सेल. मग ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर आणि रॅम सगळ्यांत वर. आमच्याकडे रेघ ग्राफिक्स कार्ड ओलांडून रॅमच्या खालच्या टोकाला टेकली होती. प्रोसेसर कोरडा. "सगळं गेलं" हे वाक्य तिथेच खोटं पडलं.

पहिला नियम: चालू करून बघू नका. एकदाही नाही. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण पुराचं पाणी शुद्ध नसतं. त्यात माती, क्षार, गटार सगळं असतं. पाणी उडून जातं, क्षार बोर्डवर राहतात. ते हवेतली ओल धरून ठेवतात आणि वीज मिळाली की तांब्याच्या बारीक रेषा खायला लागतात. पुरात वाचलेला बोर्ड अनेकदा "बघू या होतोय का चालू" या हौसेत मरतो.

प्लग काढला म्हणजे वीज संपली, असंही समजू नका. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल 3 व्होल्ट देतच राहतो. आमच्या बोर्डवर त्याच सेलच्या कडेने हिरवट पूड धरली होती. बाकी बोर्डवर फक्त चिखल होता, पण तिथे दोन दिवसांत तांबं झिजायला लागलं होतं. म्हणून ओल्या पीसीतून पहिल्यांदा सेल काढायचा.

दुसरा नियम: तांदूळ डाळीशेजारी राहू द्या. मोबाइल तांदळात पुरायचा सल्ला आता पीसीच्या भागांनाही मिळतो. तांदूळ क्षार काढत नाही, चिखल काढत नाही, उलट स्वतःचा भुसा सोडतो. काम करतं ते 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश आणि सबुरी. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि शेगडी बंद, कारण हे अल्कोहोल पेट घेतं. रॅमचे सोनेरी दात, एम-टू एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, सगळं पंखे आणि हीटसिंक काढून धुवायचं आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. हेअर ड्रायरची गरम हवा नको. कॅबिनेट पत्र्याचं असतं, ते साध्या पाण्याने धुतलं तरी चालतं.

आता खर्चाचं.

पहिला पैसा एसएमपीएसवर. इथे वाद नको. बुडालेला एसएमपीएस धुवायचा नाही, उघडायचा नाही, "चालतोय की" म्हणून वापरायचाही नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आणि तो बिघडला तर एकटा जात नाही, मेहनतीने वाचवलेले बाकीचे भाग सोबत घेऊन जातो. टेस्टिंगसुद्धा त्याच्यावर करायचं नाही.

पण बजेट कमी पडलं की कात्री लागते ती नेमकी इथेच. रंगीत दिवे लागतात ते पंखे घेतले जातात आणि एसएमपीएस "कुठलाही द्या" म्हणून घेतला जातो. काउंटरवर आमच्यासमोर एक डबा आला. वर मोठ्या अक्षरांत 500 वॉट. किंमत बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी. डबा उलटा करून तक्ता वाचला, तर 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. गुणाकार शाळेतला आहे: 192 वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही वीज घेतात ती याच 12 व्होल्टच्या लाइनवर. भाच्याचा रायझन 5 3600 भरात असताना 88 वॉटपर्यंत ओढतो आणि जीटीएक्स 1660 सुपर 125. झाले 213. म्हणजे 500 लिहिलेला तो डबा गेम सुरू होताच अपुरा पडणार होता. झाकणावरची संख्या विकण्यासाठी असते. आपण वाचायचा तो बाजूचा तक्ता.

"80 प्लस" हा शिक्का बघून निर्धास्त होणारेही बरेच. तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला लागते याचा. टिकाऊपणाची हमी त्यात नाही. ती बघायची वॉरंटीच्या वर्षांत आणि 12 व्होल्टच्या अँपिअरमध्ये. आम्ही 550 वॉटचा, पाच वर्षं वॉरंटीचा घेतला. चार हजार पडले. त्या खरेदीत सगळ्यांत शहाणे तेच चार हजार.

आणखी एक धोका. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी धुऊन नव्याला जोडायचा मोह होतो. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक मात्र कंपनीगणिक वेगळं असू शकतं. प्लग बसतो, व्होल्टेज चुकीच्या तारेवर जातं आणि डिस्क क्षणात जळते. नव्या डब्याला नव्या डब्याच्याच वायरी.

दुसरा पैसा मदरबोर्डवर, पण घाई न करता. आमचा बोर्ड धुतल्यावर लखलखीत दिसत होता. नव्या एसएमपीएसवर चालूही झाला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. चौथ्या दिवशी दोन यूएसबी पोर्ट गेले, मग लॅन, आठव्या दिवशी सगळंच शांत. चिपसेटच्या खाली, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे ओल राहिली होती.

त्या आठ दिवसांनी एक गोष्ट शिकवली. धुतलेला बोर्ड नव्यासारखाच दिसतो. तेव्हा वॉरंटी नसलेला जुना बोर्ड, कितीही स्वच्छ असला, तरी घेऊ नका. आपणच धुतलेल्या बोर्डचा भरवसा आपल्याला देता येत नाही, तर अनोळखी माणसाने धुतलेल्याचा कसा धरायचा?

नवा बोर्ड घेताना मात्र प्रोसेसर आणि रॅम ठरवतात, आपली हौस नाही. भाच्याचा प्रोसेसर एएम-फोर सॉकेटचा. हे सॉकेट 2016 चं, आणि त्यासाठी 2024 मध्येही नवे प्रोसेसर येत होते. त्यामुळे ए-520 चा साधा नवा बोर्ड साडेपाच हजारांत मिळाला. ओव्हरक्लॉकिंग नाही, भपका नाही. 3600 ला आणि 1660 सुपरला ते लागतही नाही. दुकानात मात्र "आता एएम-फाइव्हवर जा" असा आग्रह झाला. एएम-फाइव्हला डीडीआर-फाइव्ह रॅम लागते. जुनी डीडीआर-फोर त्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. म्हणजे एका बोर्डसाठी प्रोसेसर नवा, रॅमही नवी. दुरुस्तीच्या नावाखाली अख्खा पीसी गळ्यात मारायची ही वाट आहे. वर्षभराने पैसे साठले तर अवश्य जा, पुराच्या महिन्यात नको.

इंटेलवाल्यांनी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघावं. "एफ" असेल तर आतलं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. "एफ" नसेल तर कार्ड बाजूला ठेवून बाकीचा पीसी तपासता येतो, आणि गरज पडली तर कार्डाची खरेदी चार महिने पुढे ढकलता येते.

रॅम जपा. दात पुसून, वाळवून, एकेक पट्टी लावून तपासा. 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. ज्यांनी 8 जीबीची जुनी पट्टी "दोन हजाराची तर आहे" म्हणून भंगारात टाकली, त्यांना तिची किंमत आता कळते आहे.

ग्राफिक्स कार्ड बहुतेकदा सगळ्यांत महाग भाग, म्हणून धुण्याची सगळ्यांत जास्त मेहनत त्याच्यावर. जुनी थर्मल पेस्ट आणि पॅड काढून टाकायचे, मेमरीच्या कडा ब्रशने साफ करायच्या, नवी पेस्ट, नवे पॅड. आमचं कार्ड वाचलं. तुमचं गेलं आणि जुनं घ्यायची वेळ आली, तर चालू पीसीत लावून, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून, समोर गेम चालवून मगच पैसे द्या. "आरएक्स 580" म्हणून विकलं जाणारं प्रत्येक कार्ड पूर्ण 580 नसतं. 2304 ऐवजी 2048 शेडरचा भाऊ त्याच नावाने फिरतो. काही कार्डं तर बायोस बदलून भलत्याच नावाने विकली जातात. विकणारा तपासू देत नसेल, तर उठून चालू लागा.

हार्ड डिस्कचा मामला वेगळा. तिच्या झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असतं, पाणी त्यातून आत जाऊ शकतं. तीत घरातले फोटो असतील तर ती चालू करू नका, उघडू नका, उन्हात टाकू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. डेटा नको असेल तर तिच्यावर एक रुपयाही घालवू नका. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती धुऊन अनेकदा वाचते. भाच्याची वाचली, ब्लेंडरची सगळी कामं तिच्यात होती.

हिशोब सांगतो. एसएमपीएस चार हजार, बोर्ड साडेपाच हजार, अल्कोहोल, ब्रश, पेस्ट आणि पॅड बाराशे. एकूण दहा हजार सातशे. कोटेशन होतं सत्तर हजारांचं. मधले एकोणसाठ हजार तीनशे रुपये बहिणीच्या घरात राहिले. त्यातून गाद्या आल्या, फ्रिज आला.

दुकानदारांना माझं एवढंच सांगणं आहे: पूरग्रस्ताचा पीसी आला तर झाकण उघडा. तपासायचे तीनशे-चारशे रुपये हक्काने घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. पण न बघता "सगळं गेलं" म्हणू नका. तुमच्या एका वाक्यावर समोरचं घर कर्ज काढतं.

आणि वाचकांना. पीसी बुडालाच, तर धुण्याआधी चिखलाच्या रेघेसकट फोटो काढा, बिलं शोधा, मेलेले भाग लगेच भंगारात देऊ नका. 1 एप्रिल 2021 पासून "भारत गृह रक्षा" ही ठरावीक घरविमा पॉलिसी मिळते. तिच्यात पूर येतो. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी दावा करावा. बहिणीकडे नव्हती, आता आहे.

भाच्याचं कॅबिनेट आता टेबलावर असतं. तुमचं जमिनीवर असेल, तर पुढचा पाऊस यायच्या आत वर उचला. त्याला एक पैसा लागत नाही.