एक दशांश अश्वशक्ती

लंडनच्या भाच्याने क्यू ब्रिजच्या जुन्या पंपघराचा व्हिडिओ पाठवला. १८४६ सालचं वाफेचं इंजिन, ९० इंच व्यासाचं सिलिंडर, आणि खाली ओळ : "मामा, आपल्याकडे असलं काही जपून ठेवलंय का?" देशाभिमान हा माझा जुना आजार. मी ताबडतोब कळवलं, हरिहरेश्वरचा चालता रहाट पाठवतो. रहाट चालतो की नाही, याची चौकशी नंतर केली.

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाड्या पूर्वी रहाटावरच शिंपायच्या. रोठा सुपारी त्याच पाण्यावर पोसली. विजेचे पंप आले आणि रहाट विहिरींवरच कुजत गेले. आमच्या यजमानांनी आजोबांचा रहाट मात्र डागडुजी करून ठेवला होता.

"रेडा कुठाय?" मी विचारलं.

"विकला, काका. त्याला बारा महिने खायला लागतं. पंपाचं नुसतं बिल येतं."

मग मी त्यांना वॉटची गोष्ट सांगितली. जेम्स वॉटने अश्वशक्तीचं माप ठरवलं, ते असल्याच गोल गोल फिरून गिरणी ओढणाऱ्या घोड्यांवरून : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. म्हणजे दर सेकंदाला पाऊण क्विंटल वजन मीटरभर उचलायचं. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर याचा जेमतेम दहावा हिस्सा देतो. यजमानांनी सगळं शांतपणे ऐकलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मग लावा की तुमचा दहावा हिस्सा."

हिने लगेच मोबाइल काढला. समुद्राला भरती होती, त्यामुळे देवळामागची खडकांवरची प्रदक्षिणा हुकली होती. ती इथे पदरात पडेल, असा तिचा हिशोब.

दांडा ढकलला की मधला खांब फिरतो, त्याच्या आडव्या चाकाचे दाते दुसऱ्या चाकाला रेटतात आणि विहिरीवरच्या चाकावरून डब्यांची माळ वर येते. डबे माथ्यावर उलटतात, पाणी पन्हळीतून पाटाला लागतं. हे सगळं मी चालता चालता समजावून सांगत होतो. नंतर फक्त चालत होतो. नंतर तेही अधूनमधून. भरलेल्या माळेने चाक उलट फिरू नये म्हणून दात्यांवर लाकडाची एक खिट्टी टकटकत पडत असते.

"त्या टकटकीत पाण्याचा आवाज येत नाहीये हो," ही म्हणाली.

यजमान शहाळी उतरवायला गेले होते. मी खिट्टी उचलून हातरुमालाने बांधली. आवाज खरोखरच सुंदर आला. लंडनकडे बघून हात हलवावा म्हणून मी दांड्यावरचा एक हात काढला, आणि भरलेल्या डब्यांनी एकमताने विहिरीत परतायचं ठरवलं. दांडा पोटावर आला, मला मागच्या मागे घेऊन गेला आणि पाटात बसवून पुढे निघून गेला. तो मागून पुन्हा येईल हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी आडवाच राहिलो.

यजमान धावत आले. त्यांनी आधी रुमाल सोडून खिट्टी टाकली, मग मला उचललं.

"पाणी पोचलं का सुपारीला?" मी विचारलं.

"दोन झाडांना पोचलं. तुम्ही बसलात तिथून फुटलं, त्यामुळे अळूही भिजलं." एवढं बोलून त्यांनी पंपाचं बटण दाबलं.

ही अजून व्हिडिओ बघत होती. "शेवटचा फेरा उलटा झालाय," ती म्हणाली. "एक सुलटा घालून टाका, म्हणजे फिटला."