कंपायलरभक्त

हा गृहस्थ ओळखायला अवघड नाही. बारावी झालेल्या भाच्याने "मामा, पायथन शिकू का?" एवढं विचारायचा अवकाश, हातातला चहा खाली ठेवून तो म्हणतो, "अरे, ती काय भाषा आहे? ती स्क्रिप्ट आहे. आधी सी शीक." वय पंचेचाळिशीच्या पुढचं, नोकरी हिंजवडीत, आणि शिक्षण अशा इंजिनिअरिंग कॉलेजात, जिथे प्रॅक्टिकल म्हणजे टर्बो सीचा निळा स्क्रीन आणि जर्नलवर सरांची सही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' त्याच्या कपाटात अजून जपलेलं असतं. पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या माणसाच्या सोवळ्याबद्दल. सी आणि सी प्लस प्लस सोवळ्यातल्या. जावा अर्धवट सोवळ्यातली, अडीनडीला चालते. पर्ल, पीएचपी, जावास्क्रिप्ट आणि पायथन यांनी मात्र देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबायचं. सीबीएसईने अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समधून सी प्लस प्लस काढून पायथन आणली, तेव्हा धर्म बुडाल्याची त्याची खात्रीच पटली.

आता या सोवळ्याचा नियम काय? कंपाईल होते ती भाषा, बाकीच्या स्क्रिप्टा. ऐकायला चोख वाटतो, पण तपासायला गेलं की तो ओवळा होतो. जावाचा कंपायलर थेट यंत्राची भाषा देत नाही, बाईटकोड देतो, आणि तो चालवायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. पायथनही नेमकं हेच करते, फक्त गाजावाजा न करता. उलट २००८ साली क्रोमबरोबर आलेलं व्ही-एट इंजिन जावास्क्रिप्टचं धावता धावता थेट यंत्रभाषेत रूपांतर करतं. हे सांगितलं की भक्त कंपायलर सोडतो आणि खरा मुद्दा बाहेर काढतो: "ते सोपं आहे रे, कुणालाही येतं!" म्हणजे भाषेची प्रतिष्ठा तिने किती छळलं यावर ठरायची. एक अर्धविराम राहिला म्हणून पानभर एरर, पॉइंटर भलतीकडे गेला म्हणून अख्खा प्रोग्रॅम आडवा, आणि तो का आडवा झाला याचा पत्ता परीक्षा संपेपर्यंत नाही, याला तो संस्कार म्हणतो. गंमत अशी की त्याने घोकलेलं 'व्हॉईड मेन' सी प्लस प्लसच्या मानकात बसत नाही, 'कोनिओ' हे हेडर कुठल्याच मानकात नाही, आणि त्याच्या टर्बो सीतला पूर्णांक ३२,७६७ ला पोहोचला की पुढच्या पावलाला ऋण होतो. पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, यावर त्याचा विशेष राग. जर्नलमध्ये ती जागा चुकली तर मार्क जायचे, तेव्हा मात्र ती शिस्त होती.

पण शिकण्याजोगी भाषा कोणती, हे यंत्राचा वेळ मोजून ठरत नाही. माणसाचा वेळ मोजून ठरतं. १९९८ साली जॉन ओस्टरहाऊट यांनी हे नीट मांडलं. काही भाषा मूळ भाग घडवायला असतात आणि काही ते भाग एकमेकांना चिकटवायला. दुसऱ्या कामात शंभर ओळींच्या जागी दहा पुरत असतील, तर नव्वद ओळी लिहिण्यात पराक्रम नाही. (ओस्टरहाऊट स्वतः टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेचे जनक, म्हणजे थोडी आपल्याच मालाची जाहिरात होती, पण माल खोटा नव्हता.) मानवी जीनोमच्या प्रकल्पात वेगवेगळ्या प्रयोगशाळांचा वेगवेगळ्या साच्यांतला डेटा एकमेकांना कळेना, तेव्हा तो सांधायला पर्ल धावून आली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो वेधशाळेने पकडलेल्या गुरुत्वीय लहरीच्या विश्लेषणात पायसीबीसी हे पायथनमधलं साधन होतं. भक्ताची हरकत असते की पायथन हळू आहे. आहेच. साधा लूप लिहाल तर सीच्या तुलनेत ती रांगते. म्हणून तर जड आकडेमोड नमपाय या लायब्ररीकडे सोपवतात आणि नमपायचं पोट सीमध्ये लिहिलेलं आहे. "म्हणजे शेवटी सीच ना!" असं तो टाळी मागत म्हणतो. द्यावी टाळी. पण सीमधलं ते पोट एकदा कुणीतरी लिहून ठेवलं आहे, आणि ब्रह्मांडाचा अभ्यास करणाऱ्याला ते पुन्हा लिहायचं नाही, त्याला ब्रह्मांडाचा अभ्यास करायचा आहे. खुद्द भक्ताचा महिन्याचा रिपोर्टही एक्सेलच्या मॅक्रोने तयार होतो. तो मॅक्रो त्यानेच लिहिलेला असतो, पण त्याला तो प्रोग्रॅमिंग म्हणत नाही, "ऑफिसचं काम" म्हणतो.

त्याच्या दोन हरकती मात्र हसण्यावारी नेता येणार नाहीत. पहिली: स्क्रिप्टिंग भाषांत आकड्याच्या जागी मजकूर गेला तर ती चूक प्रोग्रॅम चालू झाल्यावर, बहुधा ग्राहकासमोर, उघडी पडते. खरं आहे, आणि ते या भाषांनाही कळलं आहे. म्हणून २०१२ मध्ये जावास्क्रिप्टला डेटाच्या प्रकारांची जोड देणारी टाईपस्क्रिप्ट आली आणि २०१५ च्या पायथनमध्ये असे प्रकार नोंदवायची सोय झाली. दुसरी हरकत जास्त वजनदार. नुसती पायथन शिकलेल्याला मेमरी कुठे खर्च होते याचा गंध नसतो, आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरपासून ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जिथे बाईट मोजून वापरायचा असतो, तिथे तो उघडा पडतो. तेव्हा शिकणाऱ्याने पायथन आधी शिकावी, कारण पहिल्या महिन्यातच काहीतरी उपयोगाचं हातून घडतं आणि उत्साह टिकतो. मग सी शिकावी, आणि नीट शिकावी. भक्ताचं चुकतं ते सीच्या आरतीत नाही, बाकीच्यांना बाहेर ठेवण्यात. त्याच्या गाभाऱ्यातला देव म्हणजे लिनक्सचं कर्नल, जवळजवळ सगळं सीमध्ये लिहिलेलं. त्यात बदल सुचवणाऱ्याने आधी तो 'चेकपॅच'कडून तपासून घ्यायचा असतो, आणि तो कुणाकडे पाठवायचा हे 'गेट मेंटेनर' सांगतो. ही दोन्ही साधनं पर्लमध्ये लिहिलेली आहेत. कर्नलच्याच सोर्समध्ये, 'स्क्रिप्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये ती कुणालाही पाहता येतात, आणि चालवण्याआधी कंपाईल करावी लागत नाहीत.