हल्ल्यात शून्य, स्पर्धेत पहिला

२०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हा गादीचा विजेता आणि मातीचा विजेता समोरासमोर आले, एवढा हिशोब पेपर वाचून कळला. गंगापूर रोडवर मोबाईलमध्ये राक्षस झुंजवणाऱ्या पोरांची कुस्ती समजायला मात्र सीए लागतो. 'पोकेमॉन गो'च्या ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीपर्यंतचेच (सीपी म्हणजे प्राण्याची लढाऊ ताकद) प्राणी चालतात, अल्ट्रा लीगमध्ये २५०० पर्यंतचे. मास्टर लीगला मर्यादाच नाही. तिथे खुराक जास्त त्याची सरशी. प्रत्येकी तीन प्राणी, दोन ढाली. इथवर ठीक.

पण सीपी काढताना हल्ल्याच्या गुणांना बचाव आणि दमापेक्षा जास्त भाव असतो. त्यामुळे १५०० च्या आत बसायचं, तर हल्ल्यात शून्य आणि बाकी दोन्हींत १५ पैकी १५ मिळवणारा बहुधा हुकमी एक्का ठरतो. तिन्ही विषयांत पैकीच्या पैकी मिळवणारा बिचारा बाकावर! (गुणवंताला घरी बसवायची ही युक्ती आपल्या कुठल्या निवड समितीकडून उचलली, याची चौकशी व्हायला हवी.)

तालमीतला पैलवान निदान उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवतो. इथे खुराक घालताना प्राणी १५०१ वर गेला, की संपलं. परत खाली येणे नाही. मग पोरगं नवा शून्यवाला शोधत पंचवटीत फेऱ्या मारतं आणि घरी सांगतं, रोज चालायला जातो.